बावन्न वेळा नाही

फॉर्मबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं त्या शहरात चार-पाचच उरली होती. त्यातला एक त्यांचा नवरा, आणि तोही चिडला की "अहो फॉर्मबाई" म्हणायचा. बाकी सगळ्या गल्ल्यांना त्या फॉर्मबाईच. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले फॉर्म, पायात रबरी तळाचे बूट, आणि दार उघडलं की ठरलेलं वाक्य, "दहा मिनिटं देता का? काही विकायला आले नाही."

विकायला नाही, त्या विचारायला यायच्या. मतदान केलंत का? केलंत तर कशासाठी? नाही केलंत तर का नाही? पुढच्या खेपेला जाणार का? हे सगळं एक संस्था करवून घेत होती. संस्था म्हणजे चपलांच्या दुकानावरचा तिसरा मजला, तीन खोल्या, सहा टेबलं आणि एक कायम ठिबकणारा नळ. संस्थेच्या प्रमुख डॉक्टरबाई. त्या औषधाच्या नव्हे, अभ्यासाच्या डॉक्टर. पण खालच्या पाटीवर नुसतं "डॉक्टर" लिहिलेलं, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणी खोकत खोकत तीन जिने चढून यायचं. डॉक्टरबाई त्याला बसवायच्या, पाणी द्यायच्या, आणि तो उठायच्या आत त्यानं मत दिलं होतं की नाही तेवढं विचारून घ्यायच्या.

पूर्वी तिथं मतदान म्हणजे हजेरी होती. मतपत्रिकेवर नाव एकच, आणि निकाल शेकडा नव्व्याण्णव. उरलेला तो एक कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मग ते राज्य गेलं. पहिल्या खऱ्या निवडणुकीला लोक पहाटेपासून रांगेत उभे. फॉर्मबाईही होत्या, नवऱ्याचा हात धरून, कारण दोघांनाही जरा भीती वाटत होती. पण नव्याचे नऊ दिवस. दुसऱ्या निवडणुकीला रांगा आखडल्या, आणि तिसऱ्या खेपेला तर निम्मं शहर घरी बसलं. इतकी वर्षं मागून मिळालेली गोष्ट लोक इतक्या लवकर कोपऱ्यात का टाकतात, हे शोधण्यात डॉक्टरबाईंचे केस पांढरे झाले. आणि ते शोधायला ज्या पायांनी जिने चढावे लागत, ते पाय फॉर्मबाईंचे.

त्याआधी त्या घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायच्या. त्या कामाला एक जुना रोग आहे. ऊन लागलं, कुत्रं अंगावर आलं, दार बंद दिसलं, की घरी बसून अंदाजानं आकडा टाकायचा. सगळेच टाकत. फॉर्मबाईंनी कधी टाकला नाही. दोन वेळा कुत्रं चावलं, पण आकडा खरा आणला. बाईंना गर्व म्हणून जो काही होता तो एवढाच. बाकी गर्व करण्यासारखं त्यांच्या दीड खोलीत काही नव्हतंही.

विचारण्याची त्यांची स्वतःची रीत होती. खुर्चीवर बसायचं नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला लोक साहेब समजतात आणि साहेबाला आवडेल ते बोलतात. पायरीवर बसायचं. उत्तर आलं की "छान" म्हणायचं नाही आणि "अरेरे"ही म्हणायचं नाही. उत्तर आलंच नाही तर पिशवीत पेनाचं टोपण शोधत राहायचं. माणसाला शांतता फार वेळ सोसत नाही, तो बोलतोच. आणि पहिल्या प्रश्नाआधी प्रत्येकाला एक शब्द द्यायचा: "तुम्ही सांगाल ते मी लिहीन. त्यातून तुम्हाला त्रास होईल असं काही ह्या फॉर्मच्या बाहेर जाणार नाही." संस्थेनं हे वाक्य छापूनच दिलं होतं. इतर विचारणारे ते भरभर वाचून टाकत. फॉर्मबाई ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत सावकाश म्हणत, आणि मनापासून म्हणत.

लोक खोटं बोलत, हे त्यांना ठाऊक होतं. मत न दिलेली माणसं "दिलं ना!" म्हणून ठोकून देत. एका आजोबांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं की सकाळी सातलाच उरकून आलो. केंद्र कुठं होतं विचारल्यावर त्यांनी दहा वर्षांपूर्वी पाडलेल्या शाळेचं नाव घेतलं. म्हणून तर संस्थेनं ह्या वेळी खटपट करून निवडणूक कचेरीकडून मतदार याद्यांच्या नकला मिळवल्या होत्या. पहिल्या निवडणुकीला तिथं बोटाला शाई लावत, पण जुन्या राज्याला घाबरलेले लोक ती शाई बघून बिचकत, म्हणून शाई गेली. राहिली ती यादीतली खूण. मत दिलं की नावापुढे बरोबरची खूण आणि मतपत्रिकेचा नंबर. ह्या याद्या एरवी कुलपात असत. संस्थेला त्या फक्त ताडून बघण्यापुरत्या मिळाल्या होत्या. कोण खरं बोललं आणि कोण नाही, ते ह्यातून कळणार होतं.

तिसऱ्या निवडणुकीनंतर महिन्याभरानं फॉर्मबाईंच्या वाट्याला टाइल्सच्या कारखान्यामागची वसाहत आली. घरांच्या चार ओळी, मध्ये पाण्याचा एकच पंप, आणि कडेनं वाहणारं कारखान्याचं पांढरं पाणी. ते पाणी पावसात घरांत शिरायचं. नाला बांधून द्या म्हणून वसाहतीनं तीन वेळा अर्ज केले, तीन वेळा आश्वासनं मिळाली. शेवटी वसाहतीच्या मुकादमानं सगळ्या पुरुषांना पंपापाशी बोलावून ठरवलं की नाला नाही तर मत नाही. एकाही घरानं जायचं नाही. जो जाईल त्याची पाण्याची पाळी बंद. पंपाच्या खोलीची किल्ली मुकादमाच्याच कमरेला, त्यामुळे हा ठराव लगेच एकमतानं पास झाला. बायकांना कुणी विचारलं नाही. पाणी भरायचं त्यांनी, पण ठरवायचं ह्यांनी.

मुकादम माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. नाला झाला असता तर सगळ्यांच्याच घरात पाणी शिरायचं थांबलं असतं. पण हट्टी इतका की एकदा बोललेला शब्द चुकला असं कळलं तरी तो मागे घ्यायचा नाही. आणि शब्द मोडणाऱ्या घराचं काय होतं, ते वसाहतीनं एकदा पाहिलं होतं. कारखान्यातल्या संपात कामावर गेलेल्या एका माणसाची पाळी त्यानं बंद केली. ते कुटुंब चार महिने दूरच्या नळावरून पाणी वाहून आणत होतं, आणि शेवटी घर सोडून गेलं.

फॉर्मबाई तिथं दोन दिवस फिरल्या. बावन्न घरं, घरटी एक माणूस, अठ्ठावीस पुरुष आणि चोवीस बायका. बावन्न वेळा तोच प्रश्न, बावन्न वेळा तेच उत्तर. मतदान केलंत का? नाही. नाही. नाही. फॉर्मबाईंना पहिल्यांदाच वाटलं, इथं सगळी माणसं खरं बोलतात.

नियम असा होता की ज्याला विचारायचं त्याला एकट्याला विचारायचं. पण नियम करणाऱ्यांच्या घरात खोल्या जास्त असतात. वसाहतीत घर म्हणजे एकच खोली; नवऱ्याला बाहेर काढावं तर तो दारात उभा, सासूला उठवावं तर कुठं उठवायचं? पंधरा नंबरच्या घरात तर सासू मटार सोलत बसली होती, नवरा पलंगावर पडून छताकडे बघत होता, आणि सून भांडी विसळता विसळता उत्तरं देत होती. फॉर्मबाईंनी दोनदा सुचवलं, "जरा बाहेर पायरीवर बसू या का?"

"बसा की इथंच," सासू म्हणाली. "आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मतदान केलंत का?"

"नाही," सून म्हणाली. मग वर न बघता पुढे म्हणाली, "आमच्यात कुणीच नाही केलं."

"का नाही केलं?"

सुनेच्या हातातलं भांडं जरा थांबलं. "सगळ्यांनी ठरवलं होतं ना."

फॉर्मबाईंनी लिहून घेतलं. निघताना सून दारापर्यंत आली आणि उगाचच म्हणाली, "मावशी, पाणी तरी घेऊन जायचं होतं." फॉर्मबाई म्हणाल्या, पुन्हा कधीतरी. मुलगी गोड आहे, एवढंच त्यांच्या मनात राहिलं.

पंधरा दिवसांनी संस्थेतल्या आकडेवाल्यानं त्यांना बोलावून घेतलं. आकडेवाला म्हणजे तिशीतला, चष्मा कपाळावर चढवणारा, कामात चोख मुलगा. त्याला माणसं कळायची नाहीत पण गठ्ठे कळायचे. त्यानं यादी आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले होते.

"मावशी, वसाहतीचा गठ्ठा जुळत नाही."

"म्हणजे?"

"तुमच्या बावन्नही फॉर्मवर 'नाही' आहे. यादीत त्यातल्या सतरा नावांपुढं खूण आहे. सतरा जणांनी मत दिलंय."

"चुकून खूण झाली असेल."

"सतरा वेळा? नंबरासकट?" त्यानं चष्मा खाली घेतला. त्याला हे बोलणं जड जात होतं, हे फॉर्मबाईंना दिसलं. "मावशी, न दिलेला माणूस दिलं म्हणतो, हे आपण रोज बघतो. पण दिलेला माणूस नाही म्हणतो, असं अख्ख्या शहरात दोन-तीनदा झालंय. खोटंच बोलायचं तर माणूस आपली लाज झाकायला बोलतो, चांगलं केलेलं कोण झाकेल? आणि इथं एकाच वसाहतीत सतरा. मला एकच कारण दिसतं. बहिष्काराचं सगळ्यांनाच माहीत होतं. कुणीतरी तिथं न जाता सगळीकडं 'नाही' लिहून टाकलं."

कुणीतरी! टेबलाच्या ह्या बाजूला दुसरं कोण होतं? फॉर्मबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या बाईनं कुत्र्याचे दोन चावे खाऊन खरा आकडा आणला, तिला कालचं पोर घरी बसून भरलंस म्हणत होतं.

"मला ती नावं दाखव," त्या म्हणाल्या.

त्यानं कागद पुढे केला. फॉर्मबाईंनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. पाचव्या नावाला त्यांचा राग ओसरला, दहाव्याला बोट हळू झालं. सगळ्या बायका होत्या. सतराच्या सतरा. पुरुष एकही नाही. आणि मतपत्रिकांचे नंबर जवळजवळचे, मध्ये थोडे थोडे नंबर सोडून. केंद्राच्या वेळेच्या नोंदीत बघितलं तर ती वेळ साडेबारा ते सव्वा.

फॉर्मबाईंच्या डोळ्यांपुढे सगळं आपोआप उभं राहिलं. केंद्र होतं शाळेत. शाळेसमोर बियाणं निवडायची शेड, वसाहतीतल्या बायका तिथं कामाला जातात. जेवणाची सुट्टी साडेबाराला. वसाहतीची चार माणसं सकाळपासून शाळेच्या फाटकाशी पहारा देत होती, हे त्यांनी घरोघरी फिरताना ऐकलं होतं, पण पहारेकऱ्यांनाही पोट असतं. ते गेले जेवायला. आणि ह्या गेल्या रस्ता ओलांडून, दोन दोन करून, डबा न उघडता.

शेवटचं, सतरावं नाव होतं मुकादमाच्या बायकोचं. ती शेडमध्ये नव्हती. म्हणजे तिनं नवऱ्याला जेवायला वाढलं असणार, त्याला पोटभर खाऊ घातलं असणार, तो आडवा झाला असणार, आणि मग ही पायांत चपला सरकवून निघाली असणार. किल्ली कमरेला, आणि बायको रांगेत! फॉर्मबाईंना एकदम हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं, पण आकडेवाल्यानं बघितलंच.

"हसण्यासारखं काय आहे मावशी?"

"काही नाही रे. वय झालं."

हसू फार टिकलं नाही. आकडेवाला नियम सांगत होता. संशयित गठ्ठ्याची फेरतपासणी होते. सोमवारी दोन माणसं वसाहतीत जातील, फक्त त्या सतरा घरांत, यादीची नक्कल घेऊन, आणि विचारतील की नोंदीप्रमाणे आपण मत दिलेलं आहे, मग आपण 'नाही' असं का सांगितलंत? नाही तर मग एकच रस्ता. विचारणाऱ्यानं कबुली लिहून दिली की फॉर्म खोटे आहेत, तर गठ्ठा रद्द होतो, कुणाच्या घरी जावं लागत नाही. "पण मग..." असं म्हणून त्यानं चष्मा पुसायला घेतला. पण मग काय, ते फॉर्मबाईंना सांगायची गरज नव्हती. कबुली देणाऱ्याला पुन्हा कुठल्याच संस्थेत काम मिळत नसे.

त्या संध्याकाळी फॉर्मबाई घरी आल्या तेव्हा नवरा खिडकीशी रेडिओ उघडून बसला होता. तो बसच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला फिटर. चालू असलेली वस्तूही एकदा उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. फॉर्मबाईंनी भाजी चिरायला घेतली आणि तीच तीच फोड चार वेळा कापली.

त्यांना मार्ग दिसत नव्हता असं नाही. फार सोपा मार्ग होता. डॉक्टरबाईंना जाऊन सांगायचं की बाई, ह्या बायकांनी चोरून मत दिलं आणि घरच्यांपुढे माझ्याशी खोटं बोलल्या. डॉक्टरबाई खुर्चीतून उडाल्या असत्या. ज्या प्रश्नापायी त्यांनी जन्म घालवला, त्याचं इतकं सुंदर उत्तर त्यांना कुठं मिळणार होतं? लोकांना मताची किंमत राहिली नाही असं सगळे म्हणतात, आणि इथं सतरा बायकांनी उपाशीपोटी, पाण्याची पाळी पणाला लावून मत दिलं. डॉक्टरबाई भल्या होत्या, पण शिकलेल्या माणसाच्या पोटात शोध राहत नाही. तो पुस्तकात जातो. नावं घातली नसती, वसाहत घातली नसती. पण बहिष्कार टाकलेली वसाहत शहरात होती किती? एकच. मुकादमाला वाचायला चष्मा लागत होता, पण अक्कल काही कमी नव्हती.

आणि फॉर्मबाईंनी शब्द दिला होता. प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"समजा, मी म्हटलं की मी घरी बसून फॉर्म भरले. तर?"

नवऱ्यानं हातातला स्क्रू ताटलीत ठेवला. "तू? घरी बसून? घरी बसून तू कॅलेंडरचं पान तरी फाडलंयस का कधी एक दिवस आधी?" मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचा आवाज कुठं अडकतो हे त्याला कळत होतं. "कुणाचं झाकतेयस?"

"ते फॉर्मच्या आतलं आहे."

"मला पण नाही?"

"तुम्हाला पण नाही."

रेडिओतून काहीतरी निघालं ते त्यानं परत लावलं. "लोक बोलतील," तो म्हणाला. "चपलांचा दुकानदार तर आधीच बोलेल."

"बोलतील."

"मला राग येईल."

"येऊ दे. पण दुकानदाराशी भांडायला जायचं नाही हं."

"बरं," तो म्हणाला, आणि उठून त्यानं तिच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण तिला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. उरलेली भाजी त्यानं चिरली. फोडी एवढ्या मोठ्या झाल्या की त्या शिजल्याच नाहीत, आणि दोघांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शनिवारी फॉर्मबाई डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या. टेबलावर तोच कागद होता, सतरा नावांचा. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं, हे काही फॉर्मबाईंना आवडलं नाही.

"बसा. खुर्चीवर बसा आज तरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी हे रात्रभर... नाही, सकाळपासून बघतेय. आकडेवाल्याला जे दिसलं नाही ते मला दिसतंय असं वाटतं. ह्या सगळ्या बायका आहेत हो."

"असतील."

"आणि वेळ बघा. साडेबारा ते..."

"बाई," फॉर्मबाई मध्येच म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी डॉक्टरबाईंचं वाक्य कधी तोडलं नव्हतं. "मी घरी बसून भरले ते फॉर्म. गुडघे दुखत होते. बहिष्कार आहे, सगळे नाहीच म्हणणार, असं वाटलं. चूक झाली. कुठं सही करू?"

डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पिशवीत टोपण शोधायची वेळ खरं तर त्यांची होती, पण त्यांना ती युक्ती येत नव्हती. खालून दुकानातल्या शटरचा आवाज आला.

"तुम्ही खोटं बोलताय," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"हो का? मग तसं लिहा. खोटे फॉर्म, खोटी बाई. सोमवारी कुणाला कुठं जायला नको."

"तुम्हाला कळतंय ना, मी तुम्हाला परत घेऊ शकणार नाही? मी सोडा, कुणीच घेणार नाही."

"कळतंय."

"आणि हा कागद माझ्यासाठी काय आहे, ते कळतंय?"

"तेही कळतंय, बाई," फॉर्मबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला सांगत नाहीये ना काही. जे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, ते तुम्ही कसं लिहिणार?"

डॉक्टरबाई उठून खिडकीशी गेल्या. त्यांच्या पाठीवरून फॉर्मबाईंना समजलं की त्या रडत आहेत किंवा रागावल्या आहेत, आणि दोन्ही असेल तर तेही साहजिक होतं. अभ्यास करणाऱ्या माणसाच्या हातात आयुष्यात एखादाच असा कागद येतो. थोड्या वेळानं त्या वळल्या, खणातून कबुलीचा छापील नमुना काढला आणि स्वतःच्या पेनासकट पुढे केला. फॉर्मबाईंनी तो पूर्ण वाचला, कारण न वाचता सही करायची त्यांना सवय नव्हती. "मी वसाहतीत न जाता, कोणालाही न भेटता, उत्तरं मनानं लिहिली." एवढ्या वर्षांचा तो एक गर्व, आणि त्यांनी त्याच्याखाली स्वच्छ अक्षरात सही केली.

मग डॉक्टरबाईंनी सतरा नावांचा कागद घेतला आणि शांतपणे त्याचे चार तुकडे केले. "यादीची नक्कल कचेरीला परत करायचीच आहे," त्या म्हणाल्या. "ताडून बघितलेल्या कागदांचं काय करायचं ते माझ्याकडं आहे."

निघताना फॉर्मबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवी संस्थेची होती. डॉक्टरबाईंनी ती उचलून परत त्यांच्या खांद्याला अडकवली आणि हात तसाच थोडा वेळ तिथं ठेवला.

लोक बोलले. दुकानदार बोलला, आकडेवाला दुःखानं बोलला, आणि ज्या विचारणाऱ्या खरोखरच चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरत त्या सगळ्यांत जास्त बोलल्या. फॉर्मबाईंचा नवरा महिनाभर पलीकडच्या रस्त्यानं चपलांचं दुकान चुकवून जात होता, कारण तिथून गेला असता तर भांडला असता, आणि त्यानं शब्द दिला होता.

वर्षभरानं डॉक्टरबाईंचा अहवाल छापून आला. एक प्रत टपालानं फॉर्मबाईंकडे आली, चिठ्ठी नाही काही नाही. त्यात शहराच्या सगळ्या भागांचा एक तक्ता होता. कुठं किती टक्के मतदान, किती खरं सांगितलेलं, किती खोटं. टाइल्सच्या वसाहतीसमोर नुसती आडवी रेघ होती आणि खाली बारीक अक्षरात "माहिती उपलब्ध नाही". नवऱ्यानं चष्मा लावून ते पान वाचलं, मग बायकोकडे बघितलं, मग पुन्हा पानाकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच तो म्हणाला आणि पुस्तक कपाटावर ठेवून दिलं.

फॉर्मबाई तोपर्यंत सरकारी दवाखान्यात लागल्या होत्या. खिडकीमागे बसून केसपेपर लिहायचे. नाव, वय, पत्ता, काय दुखतं. हेही एक प्रकारचे फॉर्मच, फक्त इथं लोक खरं बोलत, कारण दुखणं खोटं सांगून फायदा नसतो. काम बरं होतं. गुडघ्यांना तर फारच बरं. पण कुणाच्या पायरीवर बसावं, कुणी आपल्याशी बोलता बोलता विसरून खरं बोलावं, हे गेलं ते गेलंच. त्याची त्यांना इतकी आठवण यायची की कधी कधी त्या पेशंटला विनाकारण दोन प्रश्न जास्त विचारत आणि मागची रांग ओरडायची.

एका सकाळी खिडकीशी एक म्हातारी आणि तिची सून आली. म्हातारीच्या डोळ्यांना धूसर दिसत होतं. सून पुढे झाली, केसपेपरचे पैसे ठेवायला हात आत घातला, आणि फॉर्मबाईंचं तोंड बघून तो हात तिथंच राहिला. पंधरा नंबर. जरा वाळली होती, कानाशी एक पांढरा केस होता.

"मावशी! तुम्ही इथं?"

"इथं. सावली आहे, पंखा आहे. सासूबाईंचं वय?"

"अडुसष्ट... मावशी, तुम्ही फॉर्म घेऊन परत आलाच नाही. मी वाट बघायचे."

"गुडघे गं. काय दुखतंय? डोळे ना?" फॉर्मबाई लिहीत होत्या. "नाला झाला का तुमचा?"

"अर्धा झालाय. अर्धा येतोय म्हणतात." सुनेनं मागे बघितलं. सासू दोन हात अंतरावर भिंतीचा आधार घेऊन उभी होती, कान ह्याच बाजूला. सून खिडकीच्या गजांजवळ वाकली. तिचा आवाज अगदी खाली गेला. "मावशी, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत ना, तेव्हा मी... तुम्ही इतक्या चांगल्या वागलात, मला शब्द दिलात, आणि मीच..."

फॉर्मबाईंचं पेन थांबलं. ऐकावं असं त्यांना किती वाटलं! जगातली सतराच माणसं त्यांना सांगू शकत होती की तुमचे फॉर्म खोटे नव्हते, तुम्ही आला होतात, पायरीवर बसायचं म्हणाला होतात, आम्ही खोटं बोललो. आणि त्यातलं एक सांगायला तोंड उघडून समोर उभं होतं.

"तू 'नाही' म्हणालीस, मी 'नाही' लिहिलं," फॉर्मबाई म्हणाल्या. "बस. त्याच्यापुढं मला काही ठाऊक नाही बाळा."

"काय म्हणतात त्या?" मागून सासूनं विचारलं.

"नंबर सांगतायत आई," सून पटकन म्हणाली. मग तिनं केसपेपर घेतला, घडी घातली, पण निघेना. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसतही होती, एखाद्या चोरट्या गोष्टीला एवढी एकच वाटेकरीण सापडल्यासारखी.

"पुढच्या निवडणुकीनंतर तुम्ही याल ना घरी, तेव्हा आपण बाहेर पायरीवर बसू," ती म्हणाली. "मी तुम्हाला सगळं खरं खरं सांगेन."

फॉर्मबाईंनी तिच्या हातावरून गजांतून हात फिरवला.

"सांग हं," त्या म्हणाल्या. "मी येईन." आणि मागच्या माणसाला पुढे बोलावून त्यांनी त्याचं वय विचारलं.